अकराव्या घराची खोड

बेलापुरात विहिरीवरची मोटार जळाली की माणूस आधी लाइटीच्या नावानं बोटं मोडतो आणि मग ती मोटार दुचाकीवर आडवी टाकून रेश्माच्या दुकानाची वाट धरतो. स्टँडमागं पत्र्याचं दुकान, दारात तांब्याच्या तारेची वेटोळी आणि आत पदर खोचून बसलेली रेश्मा. मोटार खाली ठेवायच्या आत तिची तोफ सुरू होते. "कधी जळली? सकाळी का दुपारी? पाऊस हुता का? शेजारच्याची चालू हुती का?" नवखा शेतकरी गांगरून जातो. मोटार जळाली एवढं पुरे नाही का, ही बाई पंचनामा कशाला करते, असं त्याला वाटतं. जुनी गिऱ्हाइकं मात्र येतानाच उत्तरं जुळवून आणतात.

ही सवय माहेरची. खर्ड्याला तिच्या वडिलांचं, भिमाजींचं, जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान होतं. त्या कोरड्या मुलखात बोअरच्या मोटारी जळायला कारण लागत नाही, त्यामुळे रेश्मा चालायला लागली ती वार्निशच्या वासातच. भिमाजी तिला सांगायचे, "बिघाड कुठं हाय ते मागून बघ. आधी कधी हुतो ते इचार." बाकी बापाचा मितभाषी स्वभाव काही पोरीत उतरला नाही. आपल्याला काम येतं हे रेश्माला पक्कं ठाऊक आहे, आणि ते समोरच्यालाही ठाऊक असावं असा तिचा आग्रह असतो. एखादी मोटार पहिल्या झटक्यात फिरली की ती दुकानात एकटीच टाळी वाजवते.

अशा बाईच्या अंगणात सासऱ्यांची जुनी ओम्नी व्हॅन बंद पडून होती, म्हणजे पुढं काय होणार हे कुणीही ओळखलं असतं. सासरे, कारभारी, याच व्हॅनमधून झेंडू भरून शिर्डीला जायचे. ते गेले, पाठोपाठ व्हॅनचं इंजिनही बसलं आणि आत कोंबड्या अंडी घालू लागल्या. कारभारींच्या मागं फुलांचा धंदा सासूनं, रंगुबाईनं, चालू ठेवला. नवरा अंगद झेंडू पिकवायचा, रंगुबाई दुसऱ्याच्या टेम्पोत पाट्या ठेवून शिर्डीला जायची आणि टेम्पोवाल्याच्या मर्जीनं परत यायची. एके दिवशी रेश्मानं मोबाईलवर पाहिलं, कुणीतरी जुन्या गाडीचं इंजिन काढून तिथं विजेची मोटार बसवत होतं. तिनं तो व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि जेवणाचं ताट तसंच ठेवून अंगणात गेली. व्हॅनच्या दाराला हात लावून म्हणाली, "अहो, ही तर आपलीच मोटार हाय! तीन फेजची! हिला मी डोळे झाकून ओळखते."

अंगद भला माणूस. त्यानं कोंबड्या हुसकल्या.

पुढचं सहा-आठ महिन्यांचं खटलं इथं सांगत बसत नाही. इंजिन उतरलं, मोटार चढली, आरटीओचे सोपस्कार झाले, ते वेगळंच पुराण आहे. मागच्या सीटच्या जागी पत्र्याची पेटी बसली आणि पेटीत विटांएवढे चोवीस निळे सेल. रंगुबाई त्यांना घरं म्हणायची. या चोवीस घरांवर नजर ठेवायला एक कार्ड होतं, बीएमएस. प्रत्येक सेलपासून एक बारीक लाल तार निघून या कार्डाला जायची. एखादा सेल जरी अशक्त दिसला, तरी कार्ड सगळी गाडी बंद करणार. रेश्मानं त्याचं नाव मुकादम ठेवलं. ऊसतोडीच्या टोळीत एक माणूस दमला की सगळ्यांना बसवणारा मुकादम असावा, तसा हा. तो दिसेल ते मोबाईलवर सांगायचा, घर नंबर एक ते चोवीस, कुणात किती दम आहे ते.

पेटीत हात घालायच्या आधी रेश्मा अंगावरचं सगळं धातूचं काढायची. बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्रसुद्धा. दोन सेलच्या मध्ये सोन्याचं मणी-डोरलं पडलं तर ते वितळेलच, वर हातही भाजेल. पाने-स्क्रूड्रायव्हरला तिनं चिकटपट्टी गुंडाळली होती आणि मंगळसूत्र अंगणातल्या कडुनिंबाच्या खिळ्याला अडकवायची. हे रंगुबाईला सोसायचं नाही. कारभारी गेल्यापासून तिनं स्वतः कुंकवाचा करंडा हातात धरलेला नव्हता, सणावाराची पूजा ती रेश्माकडून करवून घ्यायची. आणि ही धडधाकट नवऱ्याची बायको मंगळसूत्र झाडाला टांगून खुशाल शीळ घालत बसते.

"कशाला हात घालती त्या डब्यात?" ती म्हणायची. "आन् घालायचाच तर असा उघडा गळा करून?"

"आत्याबाई, नुसतं पत्र्याचं डबडं हाय ते. काय न्हाई हुत."

"काय न्हाई हुत तर मंग काढती कशाला?"

यावर रेश्मा शीळ घालायची.

नवरात्रात व्हॅन चालली. खरोखरच चालली! आवाज नाही, धूर नाही, रेश्मा श्रीरामपूरपर्यंत गेली आणि परत आली, वाटेत ओळखीचा दिसेल त्याला थांबवून "बघा, आवाज येतोय का?" असं विचारत. घरी येऊन तिनं सासूला शब्द देऊन टाकला, "आत्याबाई, लक्ष्मीपूजनाला तुमचा झेंडू आपल्या गाडीतनं शिर्डीला. टेम्पोवाल्याला सांगून टाका, येऊ नको म्हणून." दिवाळीतल्या त्या एका सकाळी शिर्डीतल्या हॉटेलांना दारोदार तोरणं लागतात. वर्षातली सगळ्यात मोठी खेप ती.

मग दसरा झाला, आणि गाडीला खोड लागली.

दसऱ्यानंतरच्या एका पहाटे रेश्मानं मोठ्या थाटात रंगुबाईला शेजारी बसवलं, रिकाम्या पाट्या मागं टाकल्या आणि रंगीत तालीम म्हणून व्हॅन बाहेर काढली. पाटाच्या पुलावर पोचली आणि जागच्या जागी थंड. मोबाईलवर अकरावं घर लाल झालेलं. मुकादमाचं म्हणणं, अकराव्यात जीव नाही. रेश्मानं बंद-चालू केलं, पेडल दाबलं, विनवण्या केल्या, मुकादम ढिम्म. तेवढ्यात मोटरसायकलला वजनकाटा अडकवून वाल्मिक भंगारवाला समोरून आला. त्यानं व्हॅनला एक फेरी मारली आणि पत्र्यावर बोटानं टकटक केलं.

"मावशी, पत्रा अजून चांगला हाय," तो म्हणाला.

रंगुबाई खाली उतरली, लुगडं झटकलं आणि तिथल्या तिथं निकाल दिला. "लक्षुमीपूजनाला शिर्डीला पोचली तर पोचली. न्हाई तर पाडव्याला ये वाल्मिका आन् घेऊन जा. मला त्यो डबा अंगनात नको." अंगदनं ट्रॅक्टर आणून व्हॅन ओढत घरी नेली. रेश्मा स्टिअरिंगवर बसून होती, आणि सबंध रस्ताभर ती कुणाशी बोलली नाही. रेश्मा गप्प, ही बेलापुरात बातमीच होती.

दुपारी तिनं सहज चावी फिरवली. व्हॅन चालली! पाटाच्या पुलापर्यंत गेली, परत आली, अकरावं घर इतरांच्या पंक्तीत शहाण्यासारखं बसलेलं. रेश्मानं कपाळावर हात मारला. मेलं बंद तरी पडावं, नाही तर चालावं तरी.

आता तिला चेव आला. मोटारी भरणं दुकानात, पण डोकं अंगणात. दुसऱ्या सकाळी अकरावं घर पुन्हा लाल. तिनं मंगळसूत्र खिळ्याला लावलं, मेन स्विच पाडला, पेटी उघडली आणि अकराव्या सेलवरच मीटर धरलं. सेल ठणठणीत. म्हणजे सेल खरं सांगतोय आणि मुकादमाला खोटं दिसतंय! खात्री करायला तिनं अकरावा सेल काढून चौथ्याच्या जागी घातला आणि चौथा अकराव्याच्या. सेलची खोड असेल तर ती त्याच्याबरोबर चौथ्या घरात जायला हवी. पहाटे पाहते तर चौथं घर खुशाल, रडगाणं परत अकराव्याचंच. "सुटला!" रेश्मा ओरडली. अंगद गोठ्यातून धावत आला, त्याला वाटलं म्हैस सुटली.

"सेल सुटला वो गुन्ह्यातनं! आता राहिली तार, न्हाई तर मुकादम."

तार बदलली. रडगाणं तेच. कार्ड विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, पाठवून द्या, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर व्हॅन वाल्मिकच्या काट्यावर असणार होती. घराघरात कंदील लागले, तळणीचा वास सुटला, अंगदच्या वावरात झेंडू पिवळाधमक उभा राहिला, आणि टेम्पोवाला दुसऱ्याची खेप धरून मोकळा झाला होता. रंगुबाई रोज सकाळी अंगणात यायची, लाल आकडा बघायची आणि काही न बोलता आत जायची. बोलली असती तर बरं, असं रेश्माला व्हायचं. तिला व्हॅन हवी होती ती नुसती मिरवायला नव्हे. सासू टेम्पोच्या मागच्या फळीवर फुलांच्या पाट्या धरून अवघडून बसलेली तिनं पाहिली होती, आणि ते तिला सहन होत नव्हतं.

धनत्रयोदशीच्या सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक पाण्यातली मोटार घेऊन आलं. रेश्मानं सवयीनं तोंड उघडलं, "कधी जळली? सकाळी का दुपारी?" आणि तोंड उघडंच राहिलं. जगाला रोज विचारते तो प्रश्न तिनं स्वतःच्या गाडीला विचारलाच नव्हता! कुठं बिघाड, कुठं बिघाड करत आठवडा घालवला, आणि कधी? सकाळी. नेहमी सकाळीच. दुपारी एकदाही नाही. सकाळी काय असतं जे दुपारी नसतं? तिनं दाराबाहेर पाहिलं. समोरच्या दुचाकीच्या सीटवर दवाचे थेंब चमकत होते.

"थांबा हं दादा," म्हणून ती जी सुटली ती थेट घरी. गिऱ्हाईक मोटारीशेजारी तसंच उभं.

ऊन वर येईपर्यंत तिला दम निघेना, पण तिनं काढला. अकरावं घर हळूहळू सुधारत गेलं आणि दुपारी पुन्हा पंक्तीला बसलं. मग तिनं चुलीवरचं चहाचं पातेलं उकळत ठेवलं, मेन स्विच पाडून पेटी उघडली आणि अंगदला म्हणाली, "पातेलं धरा मुकादमापाशी. जवळ न्हाई, नुसती वाफ लागू द्या. आन् सांडू नका, न्हाई तर मी तुमालाच वाल्मिकला इकीन." स्वतः मोबाईलवर डोळे लावून बसली. वाफ लागली. अकरावा आकडा थरथरला. खाली आला. आणखी खाली. दहावा आणि बारावा त्याच वेळी वर चढले. आणि अकरावं घर भर दुपारी लालभडक!

रेश्मानं उडी मारली. अंगदच्या हातातलं पातेलं हिंदकळलं, चहा अंगणात, आणि तिनं तशाच अवस्थेत नवऱ्याला मिठी मारली. शेजारच्या घरातून कुणीतरी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. "ओल!" ती म्हणत होती. "ओल हाय वो! अकराव्याच्या पायाशी कायतरी बसलंय, ते दव पितंय आन् शेजारच्या घरात वाट पाडतंय!"

सगळे जोड सोडवून तिनं कार्डाचे स्क्रू काढले. इतके दिवस कार्ड पेटीच्या भिंतीला टेकून उभं होतं आणि त्याची पाठ कधी दिसलीच नव्हती. तिनं ते उन्हात उलटं धरलं. पाठीवर वरच्या कडेपासून एक लाल ओघळ उतरला होता आणि दहाव्या-अकराव्या तारांच्या पायांमधे वाळून बसला होता. समोरून लाल तारांच्या झुबक्यात हा लाल रंग कुणालाही दिसला नसता. तिनं नखानं खरवडलं, बोटावर घासलं, वास घेतला.

"कुंकू," ती म्हणाली.

आणि ओघळाच्या वरच्या टोकाला, कार्ड आणि भिंतीच्या खाचेत, तांदळाचा एक दाणा चिकटून होता. कुंकवानं लाल झालेली अक्षता.

अंगदनं पातेलं खाली ठेवलं. खंडेनवमीला घरातल्या साऱ्या हत्यारांची पूजा रेश्मानंच केली होती. व्हॅनला तिनं कुंकू लावलं होतं ते बाहेर, पुढच्या काचेखाली. पेटी तिनं त्या सकाळी जोड आवळायला उघडली होती आणि दुकानातली पूजा करायच्या घाईत तशीच उघडी टाकून गेली होती. परत आल्यावर न बघता झाकण लावलं. मधल्या वेळात अंगद वावरात होता. म्हणजे घरी एकच माणूस होतं, आणि त्या माणसानं तर कारभारी गेल्यापासून करंड्याला हात लावला नव्हता.

रंगुबाई पडवीत झेंडूची तोरणं ओवत बसली होती. रेश्मा तिच्यासमोर जाऊन बसली आणि तळहातावरची अक्षता पुढं केली. सुई थांबली.

"आत्याबाई, तुमी लावलं व्हय?"

रंगुबाईनं तोरण मांडीवर ठेवलं. "मीच लावलं," ती म्हणाली. "खंडेनवमीला. तू बाहेरच्या पत्र्याला लावलं. पत्र्यात काय हाय? तू हात तर आतल्या घरांत घालती. समद्या घरांवर राखन त्या मुकादमाच्या पाटीची हाय असं तूच म्हनती, मंग तिलाच लावलं. ओलं करून लावलं, चांगलं बसावं म्हनून."

"पन तुमी तर कुंकू..."

"न्हाई घेत हातात. त्या दिशी घेतलं. कुनी बघाया नव्हतं." तिनं एक फूल उगाच कुस्करलं. "तू डोरलं झाडाला टांगती आन् त्या इजेत हात घालती. माझा जीव थाऱ्यावर राहातो का? तुझ्या सासऱ्याला मी गमावलं, त्यात माझं काय चाललं न्हाई. तुझ्यापायी देवापुढं हात जोडून झाले, मंग त्या पाटीला म्हनलं, बाई, हिला सांभाळ. म्हनून तर म्हनते, ती गाडी भंगारात जाऊ दे. मला फुलं डोक्यावर न्यायला लागली तरी चालंल."

रेश्मानं सासूचे दोन्ही हात धरले. झेंडूनं ते पिवळे झाले होते. सासू गाडीवर चिडलेली आहे असंच ती समजत आली होती. ती घाबरलेली होती आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं, हे रेश्माला आत्ता समजलं, आणि तिला रडू आलं. मग लगेच हसूही आलं.

"आत्याबाई, त्या पाटीनं तुमचं ऐकलं वो! मला हातच लावू देईना गाडीला. रोज सकाळी बंद!"

रंगुबाईला आधी कळेना. रेश्मानं सगळं समजावलं, कुंकवातला खार कसा दव ओढतो आणि मुकादमाला कसं खोटं दिसतं. ऐकता ऐकता म्हातारीच्या खांद्यांना हसू फुटलं. "म्हंजी मीच बंद पाडली?"

"पेटी उघडी मी टाकली. निम्मी तुमी, निम्मी मी."

मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून साफसफाईचं स्पिरिट आलं. रेश्मानं जुन्या दात घासायच्या ब्रशनं कार्डाची पाठ घासली, उन्हात वाळवली, पुन्हा घासली. लाखेसारखं वार्निश तिच्या दुकानात होतंच, त्याचा पातळ हात दिला. मग दुसऱ्या दिवशी पारदर्शक प्लास्टिकची तावदानासारखी पाटी कापून तिनं पूर्ण पेटी वरून बंद केली, कडेनं रबर लावलं. आता दव काय, पाटाचं पाणी आलं तरी आत जाणार नव्हतं.

लक्ष्मीपूजनाची पहाट. दव असं पडलेलं की कडुनिंबाखाली उभं राहिलं तर अंग भिजावं. रेश्मा मनातून म्हणत होती, पड, आणखी पड. तिनं मंगळसूत्र खिळ्याला अडकवलं, शेवटचे जोड तपासले, पेटी लावली आणि मोबाईल उघडला. चोवीसच्या चोवीस घरं हिरवी. अकरावं तर सगळ्यांत टुकटुकीत! अंगद पाट्या भरत होता, शेजारच्या बायका रांगोळी अर्धी सोडून बघायला आल्या होत्या. रेश्मा घरातून करंडा घेऊन आली आणि सगळ्यांदेखत तिनं तो रंगुबाईपुढं धरला.

"पूजा तुमी करा. वरच्या तावदानावर. पायजे तेवढं लावा."

रंगुबाईनं बायकांकडं पाहिलं. अंगदकडं पाहिलं. अंगद म्हणाला, "लाव की आई." मग तिनं करंड्यात बोट बुडवलं, आत वाकली आणि तावदानावर ठिपके उमटवू लागली. खालचे निळे सेल दिसत होते, त्यामुळे कोणतंही घर चुकलं नाही. एका बाईनं पुढं होऊन नारळ दिला.

व्हॅन निघाली. पाटाच्या पुलावर रंगुबाईनं डॅशबोर्ड घट्ट धरला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा पूल मागं राहिला होता. बाभळेश्वर आलं, राहाता आलं, धुक्यातून सूर्य वर आला आणि रेश्माची बडबड त्याच्याही वर गेली. ही मोटार, हा चढ, हा आकडा बघा, तो आकडा बघा. रंगुबाई हूं हूं करत होती. शिर्डीत हॉटेलवाल्यांची पोरं तोरणांची वाटच बघत होती. शेजारच्या गाळ्यावरच्या बाईनं विचारलं, "आज टेम्पो न्हाई का मावशी?"

"आमची गाडी हाय," रंगुबाई म्हणाली. "सूनबाईनं केलीया. वाल्मिक म्हनून एक हाय, पाडव्याला यायचा हुता, त्याला फराळाला बोलावनार हाय."

पाट्या उतरवून झाल्यावर रेश्मानं घाम पुसायला गळ्याशी हात नेला आणि दचकली. मंगळसूत्र घरीच, खिळ्याला राहिलं होतं. आता सणाच्या दिवशी सासू काय म्हणेल या विचारानं तिनं पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

रंगुबाईनं कनवटीचा बटवा काढला. त्यातून मंगळसूत्र काढून तिनं स्वतःच्या हातानं सुनेच्या गळ्यात घातलं आणि मागची कडी लावली.

"निघताना काढलं मी खिळ्यावरनं," ती म्हणाली. "परत त्या घरांत हात घालशील तव्हा झाडाला नगं टांगू. माझ्यापाशी देत जा. तुझं काम हुईस्तवर मी बसंल धरून."